एका वेतातली दोन अधू पिल्लं: कोणाला जगवायचं, कोणाला सोडवायचं, हे कसं ठरलं

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं. माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. पिल्लांची वजनं आणि तपासणीच्या नोंदी मात्र केसपेपरवर आहेत तशाच दिल्या आहेत.

निवृत्त प्राथमिक शिक्षिका असलेल्या काकू, डी.फार्म. करणारी त्यांची नात आणि जिन्याखाली मुक्काम असलेली एक भाटी, म्हणजे मादी मांजर. भाटी काकूंची म्हणावी तर नाही. गल्लीतल्या दोन-तीन घरांत तिचं खाणंपिणं चालायचं, पण व्यायला मात्र ती दर वेळी काकूंच्या माळ्यावरच्या जुन्या गादीवर यायची. गल्लीत बोकाही बहुधा एकच, आणि तो तिच्याच आधीच्या वेतातला असण्याची दाट शक्यता. या खेपेला चार पिल्लं झाली.

चौथ्या दिवशी काकू आणि नात भाजीच्या टोपलीत चारही पिल्लं घालून दवाखान्यात आल्या. भाटीही मागच्या पिशवीत ओरडत होतीच. येण्याचं कारण होतं कबरं पिल्लू. त्याचे पुढचे दोन्ही पाय मनगटापासून आतल्या बाजूला काटकोनात वळलेले होते. शेजारच्या भाऊंनी पाहिल्या पाहिल्या सांगितलं होतं, "बादलीत सोडा, सुटेल बिचारं." घरात दुसऱ्या बाजूने काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागण्याची गोष्टही निघाली होती. काकू खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, पापपुण्याचं माझं मी बघते. तिला दुखतंय का, तेवढं मला सांगा."

अशा प्रकरणात याहून नेमका प्रश्न मला क्वचितच कोणी विचारला आहे.

बादलीबद्दल आधीच स्पष्ट लिहितो, कारण हा सल्ला आजही सर्रास दिला जातो. बुडून मरणं झटपट नसतं आणि सुखाचं तर मुळीच नसतं. नवजात पिल्लं कमी प्राणवायूत मोठ्या मांजरापेक्षा जास्त वेळ तग धरतात, म्हणजे त्यांची तडफड आणखी लांबते. प्राण्याला क्रूरपणे मारणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पोत्यात भरून ओढ्याकाठी सोडणं हेही त्याच माळेतलं.

तपासणीत काय दिसलं

एका पिल्लाची तक्रार असली तरी मी सगळं वेत तपासतो. वजनकाट्यावर स्टीलचा डबा ठेवून एकेक पिल्लू त्यात बसवलं. दोन धडधाकट पिल्लं १२८ आणि १३१ ग्रॅम भरली. कबरी, ती मादी होती, १२२ ग्रॅम. चौथं पांढरंशुभ्र, दिसायला चौघांत देखणं. ते भरलं ७८ ग्रॅम.

मांजराचं पिल्लू जन्मतः साधारण ९० ते ११० ग्रॅमचं असतं आणि पहिल्या आठवड्यापासून दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढतं. चार दिवसांचं पिल्लू ७८ ग्रॅमवर असेल तर ते नुसतं वाढलेलं नाही असं नाही, ते उतरलेलं आहे. नाकाच्या टोकाला दुधाचा सुकलेला पापुद्रा होता. करंगळीने खालचा जबडा हलकेच दाबून मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात तोंडात पाहिलं. टाळूच्या मधोमध, पुढच्या हिरडीच्या मागून थेट घशापर्यंत फट होती. तोंड आणि नाक यांच्यामधली भिंतच नाही. अशा पिल्लाला चोखायला जोर मिळत नाही. जे दूध तोंडात येतं त्यातलं काही पोटात जातं, काही नाकातून बाहेर येतं आणि काही श्वासनळीत उतरतं.

हे पिल्लू घरात कोणाच्याच लेखी आजारी नव्हतं.

आता कबरी. मांजराच्या पुढच्या पायात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात, रेडियस आणि अल्ना. शरीराचा भार मुख्यतः रेडियस पेलतं. ते जन्मतःच तोकडं असलं किंवा नसलंच, तर मनगटाला आधार राहत नाही आणि पंजा आत वळतो. दिसायला अगदी असाच दिसणारा दुसरा प्रकारही असतो. त्यात हाडं शाबूत असतात, फक्त स्नायू आणि कंडरा आखडलेल्या असतात. तो प्रकार पहिल्या काही आठवड्यांत हलक्या हाताने ताणून आणि मऊ पट्टी बांधून पुष्कळदा सुटतो. म्हणून मी पंजा सरळ करून पाहिला. तो थोडा वळला आणि अडला. बोटांना रेडियसची कडा डाव्या पायात लागलीच नाही, उजव्यात अर्धवट लागली. पंजा हलवताना ती ओरडली नाही, अंग आखडलं नाही. स्टेथोस्कोपने हृदय ऐकलं, गुदद्वार आणि टाळू पाहिली, पाठीचा कणा बोटाने चाचपला. बाकी सगळं ठीक.

टोपलीत परत ठेवल्यावर ती भावंडांत शिरली आणि झोपली. झोपेत तिचं अंग मधूनमधून उडत होतं. नवजात पिल्लाचं झोपेत असं अंग उडणं हे चांगलं लक्षण आहे. निरोगी पिल्लं अशीच झोपतात. पांढरं पिल्लू मात्र झोपलेलं नव्हतं. ते डोकं इकडेतिकडे फिरवत बारीक, न थांबणारा आवाज काढत होतं.

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या टोपलीतच होतं. "हिला दुखत नाहीये. त्याची मात्र उपासमार चाललीय."

नेमका पेच

घरच्यांनी मनाशी जे ठरवून आणलं होतं ते असं: कबरीला इंजेक्शन देऊन शांतपणे सोडवायचं आणि बाकीची तीन भाटीबरोबर घरी न्यायची. तपासणीने ते उलटंपालटं झालं. ज्याला मारायचं म्हणून आणलं त्याला मारायचं काही कारण दिसत नव्हतं, आणि ज्याच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं त्याच्या जगण्यामरण्याचा निर्णय त्याच संध्याकाळी घ्यायला हवा होता.

जन्मजात व्यंगांच्या बाबतीत डोळे फार फसवतात. शेपूट नसलेलं गोंडस पिल्लू घरी येतं आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की शेपटीबरोबर मणक्याच्या टोकाचा भागही नीट घडलेला नाही, लघवी-शीवर ताबा नाही, कातडी कायम ओली आणि सोललेली. उलट, आईला गाभणपणी पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराचा संसर्ग झाल्याने लहान मेंदू अपुरा राहिलेलं पिल्लू लडखडतं, धडपडतं, पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं. पण त्याला वेदना नसते, तो दोष वाढत नाही आणि ते घरात बरीच वर्षं मजेत काढू शकतं. म्हणून मी आकार बाजूला ठेवून चार गोष्टी विचारतो. श्वास सुरळीत आहे का? पोटात जातंय आणि अंगाला लागतंय का? दुखतंय का, आणि दुखत असेल तर ते आवरता येईल का? आणि जे करावं लागणार आहे ते करायला घरात माणूस आहे का?

चौथा प्रश्न विचारला की लोक ओशाळतात, जणू सोयीसाठी जीव घेतोय असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. रात्री दोनला उठून नळीने दूध घालणारं कोणी नसेल, तर त्या पिल्लासाठी "नळीने दूध घालणं" हा पर्याय अस्तित्वातच नाही. तो कागदावर लिहून ठेवल्याने पिल्लाचं पोट भरत नाही.

पांढऱ्या पिल्लापुढचे पर्याय

पहिला पर्याय होता भाटीवर सोडणं. "आई बघेल, निसर्ग बघेल" असं म्हणायला सोपं आहे. प्रत्यक्षात त्याचा अर्थ भुकेने किंवा न्यूमोनियाने चार-सहा दिवसांत मरण, तेही हळूहळू. हा पर्याय मी मांडला तो फक्त नाकारण्यासाठी.

दुसरा, त्याच दिवशी दयामरण. ही दयाच ठरली असती आणि कोणी हा मार्ग निवडला असता तर मी विरोध केला नसता.

तिसरा, नळीने दूध घालून वाढवणं आणि पुढे टाळूची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेसाठी पिल्लू निदान तीन-चार महिन्यांचं व्हावं लागतं, अनेकदा त्याहून मोठं, कारण शिवायला पुरेसं मांस हवं आणि भूल सोसायला पुरेसं अंग. टाके उसवण्याचं प्रमाण या शस्त्रक्रियेत बरंच असतं, दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागू शकतं. तोवर रोजचा धोका एकच: दूध फुप्फुसात जाणं. फट टाळूच्या मागच्या थोड्याशा भागापुरती असती तर मी जास्त आशेने बोललो असतो. ही फट पूर्ण होती.

नात म्हणाली, "मला नळी घालायला शिकवा." तिला सुट्टी होती, हात स्थिर होता. काकूंनी खर्चाचं विचारलं, मी पुण्या-मुंबईतल्या शस्त्रक्रियेचा अंदाज सांगितला, मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि जवळ शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय हे दोन्ही मार्ग सांगितले. मग तिसरा पर्याय ठरला, पण एका अटीवर. कोणत्या टप्प्यावर थांबायचं ते त्याच बैठकीत लिहायचं.

केसपेपरच्या मागच्या बाजूला नातीच्या अक्षरात लिहिलेलं असं: लागोपाठ दोन दिवस वजन वाढलं नाही, किंवा झोपेत श्वास मिनिटाला साठाच्या वर राहिला, किंवा तोंड उघडं टाकून श्वास घेतला, तर त्याच दिवशी दवाखाना. न्यूमोनिया झाला आणि औषधांनी दोन दिवसांत उतार पडला नाही, तर पुढे ओढायचं नाही. खाली काकूंची सही.

या कागदाचा आग्रह मी का धरतो? आजारी पिल्लू रोज हाताळणाऱ्या माणसाची मोजपट्टी रोज थोडी सरकते. काल जे भयंकर वाटलं ते आज "कालच्यापेक्षा बरं" वाटतं. आधी लिहिलेली ओळ सरकत नाही.

जगण्याचा दर्जा मोजायला अमेरिकेतल्या पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी मांडलेली गुणपद्धत आमच्याकडे बरीच वापरली जाते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सातांना प्रत्येकी दहापैकी गुण, आणि बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य मानायचं. ती बेतलीय मुख्यतः मोठ्या, दुर्धर आजार झालेल्या प्राण्यांसाठी. चार दिवसांचं पिल्लू चालत नाहीच, शी-शू आईने चाटल्याशिवाय करत नाही. तिथे हालचाल आणि स्वच्छतेचे गुण देण्यात अर्थ नाही. म्हणून या वयात वजन, श्वास, अंगाची ऊब आणि पोट भरल्यावर शांत होतं की नाही, एवढ्यावर मी भिस्त ठेवली.

पहिले दोन आठवडे

नळी घालणं नातीला दवाखान्यातच शिकवलं. पाच फ्रेंच मापाची (फ्रेंच हे नळीची जाडी मोजायचं माप) मऊ नळी, नाकाच्या टोकापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजायची आणि तिथे पेनाने खूण करायची. पिल्लू पालथं, मान सरळ. उताणं कधीच नाही. जिभेच्या एका कडेने नळी सरकवायची, खुणेपर्यंत गेली तरच दूध. दहाएक दिवसांपर्यंत पिल्लाला ठसक्याची प्रतिक्रिया नीट आलेली नसते, त्यामुळे नळी चुकून श्वासनळीत गेली तरी ते खोकून सांगत नाही. ठसका नाही म्हणजे नळी बरोबर, असं धरून चालायचं नाही. दूध गाईचं नाही, मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी पावडर, कोमट. एका वेळी तीन मिली, दर दोन-अडीच तासांनी. आणि अंग गार असेल तर आधी ऊब, मगच दूध. गार पिल्लाच्या पोटात दूध तसंच पडून राहतं.

इथे एक खरा अवघड निर्णय होता, त्याच्यावर थोडं थांबतो. पिल्लू भाटीजवळ ठेवायचं की वेगळं? जवळ ठेवलं तर ऊब मिळते, ती चाटून शी-शू करवते, भावंडांचा सहवास राहतो. पण ते आचळाला लागणारच, आणि लागलं की दूध नाकात, तिथून छातीत. वेगळं ठेवलं तर दुधाचा धोका टळतो, पण गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, ओल्या कापसाने पुसून, आईचं सगळं काम माणसाला करावं लागतं, आणि ते रडतं. आम्ही मधला मार्ग काढला: रात्री खोक्यात वेगळं, दिवसा नळीने पोट भरल्यावर अर्धा तास भाटीजवळ, कोणीतरी समोर बसून.

वजन वाढू लागलं. ७८ वरून आठवड्याभरात १२५, पुढे १६० च्या आसपास. दिवसाला सहा-सात ग्रॅम, म्हणजे असायला हवं त्याच्या निम्मं, पण चढतं. डोळे उघडले.

त्याच सुमारास घरात कारणांचा शोध चालू होता. भाऊंच्या मते गाभणपणी ग्रहण लागलं होतं. ग्रहणाचा काही संबंध नाही. मात्र चौकशी करताना एक गोष्ट कळली. भाटीच्या कानामागे गजकर्णाचे चट्टे होते आणि पलीकडच्या घरातून तिला दुधात एक गोळी चुरून दिली जात होती, माणसांसाठी आणलेली, उरलेली. पाकीट दाखवलं तर ग्रिसिओफुल्विन. गाभण मांजरीला हे औषध देऊ नये, त्याने पोटातल्या पिल्लांना टाळू दुभंगण्यासारखी व्यंगं होऊ शकतात, हे पशुवैद्यकात पक्कं आहे. मांजर साधारण ६३ ते ६५ दिवस गाभण असते आणि गोळ्यांचे दिवस त्यातच पडत होते. या पिल्लाची टाळू त्यानेच फाटली असं मी सिद्ध करू शकत नाही. एकाच रक्तातल्या बोक्याचाही हात असू शकतो. त्या घरातल्या वहिनींनी मायेपोटी केलं होतं. त्यांना दोष न देता एवढंच सांगितलं की माणसाची गोळी मांजराला विचारल्याशिवाय द्यायची नाही. पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

तिसऱ्या आठवड्यातला निर्णय

पांढऱ्या पिल्लाचं वजन एका सकाळी थांबलं. रात्री ते फार रडलं म्हणून काकूंनी त्याला भाटीच्या कुशीत ठेवलं होतं. न्यूमोनिया त्या रात्रीमुळेच झाला असं मी म्हणणार नाही. आधीपासून थोडं थोडं दूध उतरत असणार. श्वास मिनिटाला सत्तरच्या वर, छातीत डाव्या बाजूला बुडबुड. अँटिबायोटिक सुरू केलं, दवाखान्यात प्राणवायू दिला, घरी वाफाऱ्याचं यंत्र.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दोन्ही कोपरं फाकवून, मान पुढे ताणून बसलं होतं, आडवं होत नव्हतं. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून श्वासाला त्रासलेला प्राणी असा बसून राहतो. तोंड किंचित उघडं, हिरड्या राखाडी. नळीने दिलेलं दूध चार तासांनीही पोटात होतं.

नात म्हणाली, "अजून एक दिवस बघू या ना, डॉक्टर." तिने रात्री जागून काढल्या होत्या, तिचा हक्कच होता तसं म्हणण्याचा. काकूंनी पर्समधून घडी केलेला कागद काढला, त्याची झेरॉक्स त्यांनी जवळ ठेवली होती, आणि नातीच्या हातात दिला. तिने वाचला. मग तिनेच पिल्लू टेबलावर ठेवलं.

आधी गुंगीचं इंजेक्शन, फडक्यात गुंडाळलेलं पिल्लू नातीच्या हातातच. ते गाढ झोपल्यावर, बऱ्याच वेळाने पहिल्यांदा आडवं झाल्यावर, भुलीच्या औषधाचा मोठा डोस. स्टेथोस्कोपने हृदय थांबल्याची खात्री करूनच तिला सांगितलं.

हा निर्णय योग्य होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फुप्फुसातून कदाचित एकदा ते वाचलंही असतं, पण टाळू तशीच, दूध तेच आणि शस्त्रक्रियेला अजून तीन महिने. म्हणजे हाच आजार पुन्हा पुन्हा.

कबरीचं काय झालं

कबरीच्या बाबतीत पहिला निर्णय होता काहीही न करण्याचा, आणि तो टिकवून धरणं सोपं नव्हतं. येणारा जाणारा "पायाला पट्टी तरी बांधा" म्हणायचा. हाडच नसताना पट्टी बांधून पाय सरळ होत नाही, वाढत्या कातडीला जखमा मात्र होतात. पाचव्या आठवड्यात एक्स-रे काढला. डाव्या पायात रेडियस नाही, उजव्यात अर्धा. निदान पक्कं झालं.

भावंडं उभी राहायला लागली तेव्हा ही कोपरांवर सरपटायची. मग एके दिवशी उंबऱ्याशी ती मागच्या दोन पायांवर कांगारूसारखी उठून बसली, पुढचे पंजे छातीशी धरून पलीकडे पाहिलं, आणि मागच्या पायांनीच टुणकन उंबरा ओलांडला. पुढे तिने खेळणं, भांडणं, मातीच्या ट्रेमध्ये जाणं सगळं तसंच बसवलं. ट्रेची पुढची कड कापून खाली केली, एवढाच बदल.

पुढचा पेच आला चौथ्या महिन्यात. फरशीवर घासून डाव्या मनगटाला घट्टा पडला, तो फुटला आणि पिकला. इथे पुन्हा दयामरणाचा विषय निघाला, या वेळी पुण्याहून आलेल्या काकूंच्या मुलाकडून. "आई, तू सत्तरीला आलीस. हे किती वर्षं करणार?" तो निर्दयपणे बोलत नव्हता. एका डॉक्टरांनी तो पाय काढून टाकण्याचंही सुचवलं होतं. मी विरोधात होतो: ती वजन दोन्ही मनगटांवर वाटून घेते, एक गेलं की सगळा भार दुसऱ्यावर, आणि तेही अधूच. आधी फरशी बदलून पाहू असं ठरलं. वावराच्या खोलीत योगा मॅटचे तुकडे आणि जाड सतरंज्या अंथरल्या. जखम तीन आठवड्यांत भरली. वेदनेसाठी आठवड्यातून दोनदा तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहायला काकूंना शिकवलं: कान बाजूला पडलेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाभोवती ताण आहे का, मिशा ताठ पुढे आल्यात का, डोकं खांद्याखाली गेलंय का. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, दहापैकी चार झाले की वेदनाशामकाचा विचार. जखम असताना कबरीचे पाच झाले होते, भरल्यावर एक.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर मात्र हवं होतं. कबरी पंधरा वर्षं जगू शकते. काकूंनंतर तिला कोण पाहणार, हे नातीने स्वतःहून घेतलं, आणि तेही केसपेपरवर लिहून ठेवलं.

सहाव्या महिन्यात नसबंदी. पुढच्या पायात सलाईनची सुई लावणं शक्य नव्हतं, म्हणून मागच्या पायाच्या आतल्या शिरेत लावली. नसबंदी टाळायची नव्हतीच, कारण हा दोष पुढच्या पिढीत जाऊ शकतो. तिचा उड्या मारतानाचा व्हिडिओ कोणीतरी टाकल्यावर "हिची पिल्लं मिळतील का" अशी विचारणा आली होती. अमेरिकेत टेक्सासमध्ये १९९० च्या दशकात अशी मांजरं मुद्दाम पैदा करण्याचा प्रकार झालेला आहे. एका अधू मांजरीला प्रेमाने सांभाळणं आणि अधू मांजरं हवीत म्हणून जन्माला घालणं यांत मला जमीन-अस्मानाचं अंतर वाटतं.

आजची स्थिती

कबरी आता दोन वर्षांची आहे, वजन तीन किलोच्या आत ठेवलंय, कारण प्रत्येक जादा शंभर ग्रॅम त्या मनगटांवरच येतात. नखं घासली जात नाहीत, ती वाढून गादीत रुततात, म्हणून दर तीन आठवड्यांनी कापायची. ती घराबाहेर जात नाही. धडधाकट दोन पिल्लं गावातच दोन घरांत दिली. भाटीची नसबंदी पिल्लं दूध सुटल्यावर लगेच केली; अंगावर पाजत असतानाही मांजर पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे "पिल्लं मोठी होऊ देत मग बघू" म्हटलं की पुढचं वेत ठरलेलंच.

वेगळं काय करता येईल

सगळ्यात मोठा फरक पडला असता तो पहिल्या दिवसाच्या तपासणीने. मांजर व्यायल्यावर पिल्लांना हात लावू नये, आई टाकते, असं घरोघरी समजतात. सरावाची माणसं असतील आणि हात स्वच्छ असतील, तर पहिल्या दिवशी पाच मिनिटं पिल्लं पाहिल्याने भाटी टाकत नाही. फार तर जागा बदलेल. पिल्लांना सात घरं फिरवण्याची तिची खोड आहेच. तोंडात उजेड टाकून टाळू, शेपटीखाली गुदद्वार, चारही पाय आणि वजन, एवढं पाहिलं असतं तर पांढऱ्या पिल्लाचे उपाशी चार दिवस टळले असते. त्या दिवसांत गेलेली ताकद त्याला पुढे भरून काढता आली नाही.

दुसरं, टाळू पूर्ण दुभंगलेलं पिल्लू भाटीपासून पूर्णपणे वेगळं ठेवायला हवं, की आमचा मधला मार्गच बरोबर? यावर मी आता वेगळं ठेवण्याच्या बाजूला झुकतो. घरात त्याला साथ म्हणून एखादं धडधाकट भावंड दिवसातून काही वेळ खोक्यात ठेवता येतं. त्या भावंडाकडे दूध नसतं, ऊब असते. रात्रीचं रडणं त्यामुळे कमी झालं असतं असं वाटतं. आणि रात्रीची जबाबदारी एकट्या नातीवर न ठेवता पाळी लावायला हवी होती. थकलेल्या घरात नियम मोडतात, कोणाचीही त्यात चूक नसते.

तिसरं, थांबण्याचा कागद लिहिला तो फक्त पांढऱ्या पिल्लासाठी. कबरी "ठीक आहे" म्हणून तिचा लिहिला नव्हता, आणि म्हणूनच चौथ्या महिन्यातली चर्चा इतकी चिघळली. मुलाला आई भावनेच्या भरात आहे असं वाटत होतं, काकूंना मुलाला घाई झालीय असं. ठरलेली ओळ समोर असती तर दोघं त्या ओळीबद्दल बोलले असते. आता ती लिहिलेली आहे: मनगटाची जखम सहा आठवड्यांत भरली नाही, किंवा हाडापर्यंत गेली, किंवा चेहऱ्याचे गुण औषध चालू असताना चारच्या वर राहिले, तर पुन्हा तिघांनी बसायचं. सांध्यांची झीज या मांजरींत लवकर सुरू होऊ शकते, म्हणून वर्षातून एकदा कोपर आणि खांद्याचा एक्स-रे. यंदाचा दिवाळीनंतर काढायचा आहे.